कॅनडाच्या तुटीसाठी जपमाळ

कॅनडाच्या सरकारने किती कर्ज काढलं आणि ते कशावर उडवलं, हे मला दुबईच्या करामा भागातल्या आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून कळलं. मी चौथी शिकलेली बाई आहे. वसईत चर्चच्या मराठी शाळेत गेले आणि चौथीनंतर केळीच्या वाडीत. कॅनडा कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बोट ठेवून मला आजही दाखवता येणार नाही. पण माझी मुलगी तिथे राहते, आणि माझा मुलगा इथे दुबईत राहून तिथल्या सरकारवर चिडलेला असतो. त्यामुळे मला त्या देशाची सगळी बित्तंबातमी आहे.

मुलगा एका हॉटेलात अकाउंट्समध्ये आहे. त्यालाही कॅनडाला जायचं होतं. अर्ज केला, इंग्रजीची परीक्षा दिली, पुन्हा दिली. तिथे वय वाढलं की गुण कापतात. दर वाढदिवसाला इकडे केक कापला जायचा आणि तिकडे गुण. चाळिशी उलटली आणि विषय खलास झाला. धाकटी बहीण मात्र नवऱ्याबरोबर आधीच पोहोचली होती, तिथली नागरिक झाली होती, मत देत होती. तेव्हापासून माझ्या मुलाला कॅनडाच्या सरकारी खर्चाची फार काळजी वाटू लागली.

संध्याकाळी ऑफिसातून आला की तो टीव्हीवर तिथली पार्लमेंट लावतो. मला इंग्रजी समजत नाही, पण सोफा मी सोडत नाही. दोन बाजूंना माणसं समोरासमोर बसतात, लग्नात मुलाकडची आणि मुलीकडची बसतात तशी. एक उठून ओरडतो, त्याच्या मागचे टाळ्या वाजवतात, समोरचे गलका करतात. मधल्या खुर्चीत सगळ्यांना गप्प करायला एक माणूस बसवलेला असतो, त्याचं कुणी ऐकत नाही.

"हे लाल पक्षवाले, आई," मुलगा मला समजावून सांगायचा. "सरकार यांचं. येतं त्यापेक्षा जास्त उडवतात, त्याला तूट म्हणतात. समोरचे ते निळे. ते म्हणतात, खर्च कापा."

"मग लाल लोक पैसे आणतात कुठून?"

"उधार. सगळं नातवंडांच्या डोक्यावर."

खाली पार्किंगमध्ये त्याची गाडी उभी होती, आरशाला क्रूस टांगलेली. ती बँकेची होती. हातातला फोन हप्त्यावर होता. मी काही बोलले नाही. सोफा त्याचा होता.

आमच्याकडे रोज संध्याकाळी जपमाळ होते. शनिवारी मुलीचं घरही फोनवर जोडून घेतो. आमची दिवेलागण आणि त्यांची सकाळ. दहा-दहा मण्यांची पाच दशकं झाली की शेवटी प्रत्येकाने आपली एक विनंती मोठ्याने बोलायची. कुणी आजारी असतं, कुणाची परीक्षा असते, कुणी मेलेलं असतं. एकाची विनंती बोलून झाली की बाकीच्यांनी म्हणायचं, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' उपकार मानायचे असतील तर 'देवाला धन्यवाद.' आपल्याला पटो न पटो, उत्तर द्यावंच लागतं. गप्प राहणं म्हणजे भर चर्चमध्ये पाठ फिरवणं. आणि लहानपणापासून जीभ इतकी सरावलेली असते की डोक्यात शिरायच्या आत उत्तर तोंडातून गेलेलं असतं.

माझ्या मुलांनी यातही राजकारण आणलं.

सुरुवात मुलाने केली. एका शनिवारी डोळे मिटून म्हणाला, "जी सरकारं लोकांचा पैसा उधळतात त्यांना सद्बुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना करू या." सगळे म्हणाले, प्रभो, ऐक. मुलगीही म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचे डोळे उघडले. पुढच्या शनिवारी तिने परतफेड केली. "जी माणसं दुसऱ्याच्या देशातली हॉस्पिटलं बंद पाडायला निघाली आहेत, त्यांची मनं मऊ व्हावीत म्हणून प्रार्थना करू या." मुलाने दात आवळून म्हटलं, प्रभो, ऐक. मग हे थांबेना. त्याने कर्जात जन्मणाऱ्या बाळांसाठी प्रार्थना केली, तिने पाळणाघरं स्वस्त करणाऱ्या नेत्याच्या दीर्घायुष्यासाठी. मरिया मातेने त्या दिवसांत आमच्या घरातून जेवढं राजकारण ऐकलं तेवढं कुठून ऐकलं नसेल.

जप संपला की उघड भांडण व्हायचं.

"दादा, तू एक पैसा टॅक्स भरत नाहीस. आमच्या तुटीशी तुझा संबंध काय?"

"तेच सांगतोय. टॅक्स नाही, तरी इथले रस्ते बघ, मेट्रो बघ. सरकार चालवायला अक्कल लागते."

"आणि तिथे तू कोण आहेस? नोकरी गेली की यल्ला, सामान बांध. आमच्याकडे डॉक्टर फुकट आहे."

"फुकट? पोरीला ताप होता तेव्हा रात्रभर बाकावर बसवलं होतं. तूच रडत होतीस फोनवर."

"रडत होते. पण आत घ्यायच्या आधी कुणी बँकेचं कार्ड नाही मागितलं."

जावई तिच्या शेजारी बसलेला असायचा. तो तिथल्या एका सरकारी खात्यात कारकून होता. दोघांपैकी कुणीही काहीही बोललं तरी तो "बरोबर आहे" एवढंच म्हणायचा. ते कुणाला म्हणतोय हे कधी कळलं नाही.

एकदा मुलगी मला म्हणाली, "आई, इथे तुझ्या वयाच्या माणसांना राजासारखं ठेवतात. कुठलाही पक्ष येऊ दे, म्हाताऱ्यांच्या पेन्शनला हात लावायची कुणाची टाप नाही."

"एवढे देवभीरू आहेत?"

"देवाचं काय त्यात! म्हातारे थंडीवाऱ्यात काठी टेकत मत द्यायला जातात. तरुण झोपून राहतात. मग कुणाला घाबरायचं?"

हे मी लक्षात ठेवलं. मला इथे मत नाही, तिथे नाही, आणि वसईच्या यादीतून माझं नाव कधीच उडालं आहे.

या सगळ्यात माझं काय अडकलं होतं ते आता सांगते. नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. वसईचं घर भाड्याने दिलं. भाडं मुलाच्या खात्यात जातं. इथे आईबापाचा व्हिसा वर्षावर्षाने मिळतो. त्यासाठी मुलाला शपथेवर लिहून द्यावं लागतं की या बाईला माझ्याशिवाय कुणी नाही. दर वर्षी तो लिहून देतो, आणि दर वर्षी म्हातारीच्या विम्याचा आकडा बघून सून कपाळाला हात लावते. एका खोलीत ती दोघं झोपतात, दुसरीत त्यांची दोन मुलं, हॉलमध्ये सोफ्यावर मी. माझ्या उशाशेजारून सगळे पाणी प्यायला जातात. साडी नेसायला मला बाथरूममध्ये शिरावं लागतं, ओल्या फरशीवर.

मुलीने मला फोनवर तिच्या घराचं तळघर दाखवलं होतं. लहानशी खोली, छताला चिकटलेली खिडकी आणि एक दार. तिने दार लावूनही दाखवलं. मला मुलीची ओढ नव्हती. तिच्या पोरीची नव्हती, ती माझ्याशी बोलते ते मला समजत नाही. बर्फाची तर मुळीच नव्हती. मला ते दार हवं होतं.

आईबापांना तिकडे बोलवायला चिठ्ठ्या काढतात. मुलीची चिठ्ठी निघाली आणि माझी फाइल लागली. अट अशी की फाइल संपेपर्यंत मुलीच्या घरात पुरेशी कमाई दिसली पाहिजे. म्हणजे एका देशात मी निराधार होते आणि दुसऱ्या देशात मला लेकीचा आधार होता. दोन्ही ठिकाणी सह्या झाल्या होत्या.

मुलगा याच्यावरही टोमणे मारायचा. "घेऊन जा, घेऊन जा. गुडघे बदलून घे तिचे सरकारी पैशाने. अशानेच तुमची तूट वाढते." पण फाइल कुठवर आली हे दर आठवड्याला तोच विचारायचा.

मग तिकडे निवडणूक झाली. निळेच येणार याची मुलाला इतकी खात्री होती की त्याने ऑफिसातून सुट्टी घेतली. आले लाल. शनिवारी मुलगी लाल स्वेटर घालून जपमाळेला बसली. मुलाने त्या दिवशी विनंतीच केली नाही. गळा बसलाय म्हणाला.

पण पुढे गंमत झाली. त्या लाल सरकारनेच जाहीर केलं की सरकारी ऑफिसांतली माणसं कमी करणार. तूट काही कमी होत नव्हती, उलट वाढणार होती. पैसा फौजेकडे आणि मोठमोठ्या बांधकामांकडे जाणार होता. माणसं मात्र घरी जाणार होती. मुलगा चक्रावला. त्याचं म्हणणं त्याच्या शत्रूने ऐकलं होतं. थोड्या दिवसांनी त्याने ठरवलं की आनंद मानायचा.

त्या शनिवारी पाचवं दशक संपलं. मुलगा डोळे मिटून, हात जोडून, चर्चमध्ये वाचन करतो त्या आवाजात म्हणाला, "उशिरा का होईना, सरकारी ऑफिसांमध्ये बसून खाणारी बांडगुळं छाटायचं शहाणपण तिकडच्या लोकांना सुचलं, याबद्दल देवाचे उपकार मानू या."

सगळे म्हणाले, "देवाला धन्यवाद." फोनमधूनही उत्तर आलं. जावयाचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता.

पुढची विनंती सुनेची होती, पण तिच्या आधी मुलीची पोर बोलली, इंग्रजीत; अर्थ मला नातवाने मागाहून सांगितला. "मामा, डॅड इज वन ऑफ देम."

"वन ऑफ हूम, बेटा?"

"द पीपल दे कट. ही गॉट द लेटर बिफोर माय बर्थडे."

"तू आत जा बघू," मुलगी म्हणाली.

"यू सेड नो लाइज इन द रोझरी."

मुलाने डोळे उघडले. फोनच्या चौकटीत जावई बसलेला दिसत होता, मांडीवर जपमाळ घेऊन. तो म्हणाला, "बरोबर आहे." त्या दिवशी तो कुणाला म्हणतोय ते पहिल्यांदा कळलं.

"मला माहीत नव्हतं," मुलगा म्हणाला. "आईशप्पथ, मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर काय, बांडगुळाऐवजी दुसरा शब्द वापरला असतास?" मुलगी रडत नव्हती. तिचा आवाज माझ्यासारखा झाला होता. "आणि आता नीट ऐक, दादा. आईची फाइल गेली. माझ्या एकटीच्या पगारात ती बसत नाही. देवाने तुझं ऐकलं. खर्च इकडे कापला आणि बिल तिकडे पाठवलं. आता ठेव आईला."

सुनेने आपली जपमाळ पिशवीत टाकली आणि विनंती न बोलता स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटली. मी फोनकडे बघत होते. मागे तळघराच्या जिन्याचा कठडा दिसत होता. मग फोन बंद झाला.

पुढचे काही दिवस नवराबायको खोलीचं दार लावून बोलायची. त्यांना दार आहे, पण ते पातळ आहे.

"मुलं आता बसने येतात-जातात. त्यांच्यासाठी कुणी घरी लागत नाही," सून सांगत होती. "व्हिसा, इन्शुरन्स, वर गुडघे. हे किती वर्षं चालायचं? लिमिट असते ना काहीतरी."

"आई आहे ती."

"माझी पण आहे आई. ती राहते ना गावाला?"

मग मुलगा म्हणाला, "बघतो." पार्लमेंटमधला माणूस बसायच्या आधी जे म्हणतो ते हेच असावं.

गुरुवारी त्याने सुरमई आणली. "वीस दिरहमला मिळाली आई, म्हणजे पावणेपाचशे रुपये." सुरमई आणली तेव्हाच मला कळलं की माझं काहीतरी ठरलं आहे. मी काटे काढून खाल्ली. चांगली होती. जेवण झाल्यावर तो माझ्या पायाशी बसला, हेही तो कधी करत नाही.

"आई, वसईला सिस्टर लोकांचं होम आहे. मोकळी हवा. सगळी आपल्या भाषेतली माणसं. चर्च अगदी शेजारी."

"खोल्यांना दारं आहेत?"

"कॉमन हॉल आहे. पण स्वच्छ असतो एकदम."

"आणि आपलं घर?"

"तिथे भाडेकरू आहेत ना. अ‍ॅग्रीमेंट आहे. असं मधेच काढता येत नाही कुणाला."

"मला काढता येतं," मी म्हणाले.

"तसं नाही गं, आई. व्हिसा संपतोच आहे. तुझ्यासाठीच बोलतोय. इथे एसीने तुझे गुडघे धरतात."

त्याच्या घरातही येतं त्यापेक्षा जास्त जात होतं. त्याला ते माहीत होतं, हिशेबाचाच तर माणूस. पण कमी करण्यासारख्या गोष्टींमध्ये गाडी नव्हती, फोन नव्हता, दर महिन्याला हॉटेलात जाऊन केलेली दुपारची जेवणं नव्हती. मी होते.

त्याने लगेच मुलीला फोन लावला. मला वाटलं ती निदान भांडेल. ती म्हणाली, "आई, तुला तिथेच बरं वाटेल. इथे सध्या आमचंच काही खरं नाही." मग दोघं भाऊबहीण होमच्या चौकशीबद्दल बोलत राहिले, अगदी गोडीने. लाल आणि निळा पहिल्यांदा एकमताने बोलत होते.

शनिवार आला. सगळे बसले. फोन लागला. मुलाने साधी विनंती केली, भावोजींना लवकर नोकरी मिळू दे. मुलीने माझ्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली. तिकीट अजून काढलं नव्हतं. मीही सगळ्यांबरोबर म्हणाले, प्रभो, ऐक. म्हणावंच लागतं.

सर्वांत मोठी म्हणून शेवटची विनंती माझी असते. आजवर मी एकच बोलत आले होते, घरातल्या मेलेल्यांच्या आत्म्यांना शांती मिळो. ती पाठ झालेली असल्याने माझ्या वेळी कुणी कान देत नाही. मुलं पाय सोडवून उठायच्या तयारीत असतात. त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत.

मी म्हणाले, "प्रभो, माझ्या मुलाला आणि मुलीला माझ्याएवढं आयुष्य दे. त्यांच्या मुलांना त्यांच्यासारखंच हिशेबी कर. आणि आईचा खर्च कसा कापायचा हे मुलांनी या घरात जे पाहिलं, ते त्यांना मोठेपणी नीट आठवू दे."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

सगळे म्हणाले. नातवंडं सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, कारण त्यानंतर उठायला मिळतं. सून म्हणाली. फोनमधून मुलगी म्हणाली. मुलगाही म्हणाला, आणि शेवटच्या शब्दावर त्याचे डोळे उघडले.

"आई, ही कसली प्रार्थना?" मुलगी ओरडली.

"चांगली आहे. दीर्घायुष्य मागितलंय तुमच्यासाठी."

"मागे घे."

"मागे कशी घेऊ? सगळे हो म्हणालात. दादाचे धन्यवाद घेतले का कुणी मागे?"

"आजी, व्हॉट डिड वी प्रे फॉर?" नातवाने विचारलं. त्याच्या आईने त्याला दंडाला धरून आत नेलं. तो आतूनही विचारत होता.

मुलगा आपल्या मुलांच्या खोलीकडे बघत राहिला. माझा मुलगा गाडीत बसल्यावर आधी क्रूसाला हात लावतो आणि मग चावी फिरवतो. बांडगुळांसाठी मानलेले उपकार कुठे जाऊन पोहोचले ते त्याने नुकतंच पाहिलं होतं. देवाने एकदा ऐकलं, तर पुन्हाही ऐकेल. त्याच्या चेहऱ्यावर हा हिशेब मला स्पष्ट वाचता येत होता. त्याला चौथीच्या वरचं शिक्षण लागत नाही.

सोमवारी तो ऑफिसला उशिरा गेला. आधी टायपिंग सेंटरला जाऊन माझ्या व्हिसाचा अर्ज टाइप करून घेतला आणि पुन्हा शपथेवर लिहून दिलं की या बाईला माझ्याशिवाय कुणी नाही. यंदा ते खरं होतं. विमाही भरला. सुनेने कपाळाला हात लावला नाही. चार दिवसांनी ती ड्रॅगन मार्टमधून जाड पडदा घेऊन आली आणि सोफ्याच्या बाजूने तारेवर टांगून दिला. निळा आहे. दार नव्हे, पण साडी कोरड्या जागी नेसता येते.

मला कुणी प्रेमाने ठेवून घेतलं असं मी समजत नाही. मला घाबरून ठेवलं. तिकडे कॅनडात म्हाताऱ्यांना तसंच ठेवतात म्हणे, आणि पेन्शन वेळेवर येते. जावई आता एका गोदामात खोके उचलतो. मुलगी अजून लालच आहे, निळे आले असते तर याहून वाईट झालं असतं म्हणते. मुलगा आता टीव्हीवर क्रिकेट लावतो.

जपमाळ रोज होते, शनिवारी फोनही लागतो. विनंत्या आता तापाच्या आणि परीक्षेच्या असतात. माझी पुन्हा जुनीच असते, मेलेल्यांच्या आत्म्यांना शांती मिळो. पण माझी पाळी आली की मुलगा डोळे मिटत नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहतो, आणि माझं वाक्य पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच उत्तर देतो.